भरतपूरच्या बाभळी त्या वर्षी रिकाम्या का होत्या

राजस्थानातल्या भरतपूरला, म्हणजे तिथल्या केवलादेव घना या पक्ष्यांच्या उद्यानात, मी पहिल्यांदा गेलो ते जानेवारी २००७ मध्ये, म्हणजे जसे सगळे जातात तसाच, थंडीत, गळ्यात दुर्बीण अडकवून, डोक्यात फक्त बदकं आणि क्रौंच. रिक्षावाले सरदारजी (तिथले सायकलरिक्षावालेच गाइड असतात आणि आपल्यापेक्षा त्यांची नजर चांगली असते) मला मुख्य रस्त्यावरून घेऊन चालले होते आणि एका ठिकाणी थांबून त्यांनी डावीकडे बाभळी दाखवल्या. मी दुर्बीण लावली, काहीच दिसलं नाही. म्हटलं काय आहे? तर हेच दाखवायचं होतं त्यांना, की काही नाहीये. जिथे डिसेंबर-जानेवारीत चित्रबलाकांची (पेंटेड स्टॉर्क, मोठा रंगीत करकोचा) मोठी झालेली पिल्लं फांद्या मोडेपर्यंत बसलेली असायची तिथे नुसत्या बाभळी, आणि बुडाशी पाण्याऐवजी भेगा पडलेली जमीन. नंतर कळलं की बाभळीवर घरटी झाली होती की नाही हे बघायला पक्षी दिसायलाच पाहिजेत असं नाही, झाड बघितलं तरी पुरतं. वसाहत झालेलं झाड विष्ठेनं चुना मारल्यासारखं पांढरं होतं. ही झाडं स्वच्छ होती. अगदी स्वच्छ.

तेव्हापासून डोक्यात तो किडा आहे. झाडं तीच, पक्षी उत्तर भारतात आहेतच, शिकार बंद होऊन कित्येक वर्षं झाली, राष्ट्रीय उद्यान आहे, जागतिक वारसा आहे, मग घरटी का नाहीत? हे सगळं प्रकरण नीट लिहून काढायचं म्हणून हा लेख, जरा लांबलाय.

आधी जागा कशी आहे ते. केवलादेव घना म्हणजे जेमतेम २९ चौरस किलोमीटर, आणि त्यातला पाणथळ भाग साधारण ११ चौरस किलोमीटर. केवलादेव हे आतल्या शंकराच्या देवळाचं नाव, घना म्हणजे दाट झाडी. मुळात ती नैसर्गिक खोलगट जागा, पण आज जे आपण बघतो ते बऱ्यापैकी माणसानं बनवलेलं आहे. भरतपूरच्या महाराजा सूरजमलनं अठराव्या शतकात अजान बंधारा घातला, पुढे संस्थानाला बदकांच्या शिकारीसाठी जागा हवी होती म्हणून आत बांध घालून, कालवा काढून, लोखंडी दारं बसवून पाण्याचे कप्पे केले. ती शिकार म्हणजे काय प्रकार होता बघा, १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीनं एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले, तिथे दगडावर कोरून ठेवलंय. म्हणजे जागतिक वारसा म्हणून आपण जे जपतोय ते मूळचं शिकारीचं शेत आहे. मला यात काही वावगं वाटत नाही पण हे लक्षात ठेवायला हवं, कारण 'निसर्गाला त्याचं त्याचं सोडा' हे वाक्य इथे लागू होतच नाही. पुढे म्हशींचं प्रकरण येईल तेव्हा परत येतो यावर.

आता सारंगागार. बगळे, करकोचे, पाणकावळे एकत्र घरटी करतात त्या वसाहतीला मराठीत हा सुंदर शब्द आहे. भरतपूरच्या सारंगागारात मुख्य भाडेकरू म्हणजे चित्रबलाक. त्याच्याबरोबर मुग्धबलाक (चोचीत फट असलेला, शंखाच्या गोगलगायी खाणारा), चमचा, पांढरा कुदळ्या, राखी बगळा, मोठा-मध्यम-लहान बगळा, गायबगळा, रातबगळा, शिवाय पाणकावळे आणि तिरंदाज. सगळे एकाच देशी बाभळीवर. पाण्यात मातीचे उंचवटे करून त्यावर मुद्दाम बाभळी लावलेल्या आहेत, काटेरी आणि चारी बाजूंनी पाणी, म्हणजे कोल्हा, रानमांजर, माकड यांना वर जाणं अवघड. वरून येणारे गरुड आणि कावळे राहतातच, ते कोणाला चुकलेत.

आणि वाट्टेल तिथे कोणी बसत नाही बरं का. मोठे करकोचे शेंड्याला, कारण त्यांना उतरायला मोकळी जागा लागते, पंख मोठे. बगळे मधल्या फांद्यांवर, रातबगळे आत खाली सावलीत. मजला ज्याचा त्याचा ठरलेला, तरी भांडणं आहेतच, जास्त करून काटक्यांवरून. घरटं म्हणजे काटक्यांचा एक ओबडधोबड माच असतो आणि शेजारी उठून गेला की त्याच्या घरट्यातली काटकी उपसून आणणं हा सगळ्यात सोपा मार्ग. जोडीतला एक जण कायम घरट्यावर थांबतो त्याचं एक कारण हेसुद्धा आहे. चाळीत राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

सीझन असा चालतो. पाऊस जुलैत धरतो, मुग्धबलाक आणि बगळे लवकर सुरू करतात, चित्रबलाक जरा थांबून, ऑगस्टच्या मध्यापासून पुढे. एका झाडावरच्या जोड्या बऱ्यापैकी बरोबरीनं अंडी घालतात. अंडी दोन ते पाच, बहुतेक वेळा तीन-चार, उबवायला साधारण महिना, आणि पिल्लू उडायला लागेपर्यंत अजून दोन महिने किंवा थोडं जास्त. म्हणजे काटक्या जमवण्यापासून धरलं तर जवळजवळ चार महिने. हा चार महिन्यांचा आकडा लक्षात ठेवा, सगळं प्रकरण याच्यावर फिरतं.

पिल्लं बाहेर आल्यावर काय काय करतात आईबाप ते तासन्‌तास बघण्यासारखं आहे. ऑक्टोबरचं ऊन तिथे भयंकर असतं आणि घरटं झाडाच्या शेंड्यावर उघड्यावर, तर आईबापातला एक जण पंख अर्धवट पसरून पिल्लांवर छत्रीसारखा उभा राहतो, सूर्य फिरला की तोही फिरतो. चोचीतून पाणी आणून पिल्लांवर ओततात. स्वतः गरम झाले की आपल्याच पायांवर शिटतात, ती ओल वाळताना पाय थंड होतात, म्हणून त्यांचे पाय कधीकधी चुना लावल्यासारखे दिसतात. आणि खाऊ घालणं म्हणजे चोचीत चोच वगैरे नाही, मासे ओकून घरट्याच्या मधोमध टाकायचे, पिल्लांनी उचलायचे. त्या वेळी पिल्लांचा जो कलकलाट चालतो तो लांबून जत्रेसारखा ऐकू येतो. मोठे पक्षी मात्र जवळपास मुके, फक्त चोची वाजवतात.

इथे एक क्रूर भाग आहे तो सांगायला हवा. पहिलं अंडं घातलं की लगेच उबवायला बसतात, त्यामुळे पिल्लं एकदम बाहेर येत नाहीत, एक-दोन दिवसांच्या अंतरानं येतात. पहिलं मोठं, शेवटचं बारकं. मासे भरपूर असले तर चौघंही जगतात. कमी पडले तर मोठं पिल्लू सगळं हाणतं आणि बारकं मरतं, आईबाप मध्ये पडत नाहीत. म्हणजे यावर्षी पाणी कसं आहे याचा अंदाज पक्ष्याला ऑगस्टमध्ये पूर्ण येत नाही, मग तो अंडी जास्त घालून ठेवतो आणि हिशोब नंतर नोव्हेंबरमध्ये होतो. आपल्याला वाईट वाटतं, पण दुष्काळी वर्षात चारही अर्धपोटी ठेवून चारही गमावण्यापेक्षा हे बरं, असं काहीतरी त्यामागचं गणित.

आता मुद्द्यावर येतो. चित्रबलाक मासा बघून पकडत नाही. हे मला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. तो गुडघाभर पाण्यात उभा राहतो, पिवळी वाकडी चोच अर्धी उघडी करून पाण्यात बुडवतो आणि डोकं या बाजूनं त्या बाजूला फिरवत चालतो, मध्येच पायानं चिखल ढवळतो, मध्येच एक पंख झटकन उघडतो म्हणजे मासे दचकून हलावेत. मासा चोचीला लागला की चोच आपोआप मिटते. याचाच अमेरिकेतला चुलतभाऊ, वुड स्टॉर्क, त्याच्यावर १९६० च्या दशकात प्रयोग झाले होते, डोळे झाकले तरी तो मासे पकडत होता आणि स्पर्श झाल्यापासून चोच मिटेपर्यंतचा वेळ निघाला सेकंदाचा चाळिसावा भाग. पाणी कितीही गढूळ असू दे, फरक नाही. पण या पद्धतीची अट अशी की मासे दाट हवेत. बगळ्यासारखा एक मासा हेरून, वाट बघून, नेम धरून मारायचा प्रकार नाही हा, आंधळी कोशिंबीर आहे. खोल पाण्यात चार मासे इकडे-तिकडे फिरत असतील तर चित्रबलाक उपाशी मरेल, त्याच चार माशांवर राखी बगळा आरामात जगेल.

म्हणजे वसाहतीला पाणी लागतं असं म्हणणं अर्धवट आहे. कोणतं पाणी, कधी आलेलं, किती खोल, आणि त्यात काय आलंय, हे सगळं लागतं.

भरतपूरची जुनी पद्धत या पक्ष्याला इतकी फिट्ट बसते की जणू त्याच्यासाठीच केलीये. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पुराचं पाणी अजान बंधाऱ्यात यायचं. तिथून घना कालव्यानं उद्यानात, पहिल्यांदा जुलैच्या मध्याला पाऊस धरल्यावर आणि दुसऱ्यांदा सप्टेंबर अखेर किंवा ऑक्टोबरात, जेव्हा गव्हाच्या पेरणीसाठी बंधारा रिकामा करायचा असतो (अजान बंधाऱ्याच्या पोटात रब्बीला शेती होते, आपल्याकडे गाळपेर करतात तसं). पावसाळ्यात कप्प्यांमध्ये एक-दोन मीटर पाणी, मग हळूहळू उतरत जायचं, फेब्रुवारीपासून जमीन उघडी पडायला सुरुवात आणि जूनपर्यंत थोडीशी डबकी.

आणि त्या पुराच्या पाण्याबरोबर मासे येतात. उद्यानात माशांच्या ४३ जाती नोंदवल्यात, त्यातल्या ३७ अजान बंधाऱ्याच्या पाण्याबरोबर येणाऱ्या. आतल्या आत प्रजनन करून राहणाऱ्या फक्त सहा. चांगल्या पावसाच्या वर्षी आत येणाऱ्या मत्स्यबीजाचा अंदाज आहे साडेसहा कोटी. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला. म्हणजे त्या लोखंडी दारातून जुलैमध्ये जे पाणी आत येतं ते खरं तर पातळ केलेलं पक्ष्यांचं जेवण आहे. जुलैत बोटाच्या नखाएवढी पिल्लं आत आली, ऑगस्ट-सप्टेंबरात वाढली, ऑक्टोबरपासून पाणी उतरायला लागलं की तेवढेच मासे कमी कमी पाण्यात कोंडले जातात, आणि नेमकं त्याच वेळी झाडावरची पिल्लं सगळ्यात जास्त भुकेलेली. आंधळी कोशिंबीर खेळायला खोलीच लहान करून दिल्यासारखं. शिवाय पिल्लं उडायला लागून स्वतः शिकार शिकतात तोपर्यंत उथळ डबकी तयार असतात, नवशिक्याला त्यापेक्षा सोपी शाळा नाही.

एवढ्यासाठी किती पाणी लागतं? उद्यानाची वर्षाची गरज धरतात ५५० दशलक्ष घनफूट, म्हणजे अर्ध्या टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) जरासं वर. पुणेकरांसाठी सांगायचं तर खडकवासल्यात साधारण दोन टीएमसी मावतं, त्याच्या पाव भागापेक्षा थोडं जास्त. ११ चौरस किलोमीटरवर पसरलं तर सरासरी दीडेक मीटर होतं. धरणांच्या भाषेत हे काहीच नाही, आणि तरी तेवढं मिळत नाही हीच तर गंमत आहे.

आता जे बिघडलं ते दोनदा बिघडलं आणि दोन्ही वेळा वेगळ्या कारणानं, म्हणून हे प्रकरण मला इतकं शिकवणारं वाटतं.

पहिली वेळ १९८२. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर कायद्यानं आत चराई बंद. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्यासकट बहुतेक जाणकारांचं मत होतं की म्हशी आणि गुरं नकोत, पक्ष्यांना त्रास होतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये बंदी लागू केली, आसपासच्या गावांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा चराईचा हक्क एका झटक्यात गेला, लोक भडकले, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकरी मेले. पक्षी वाचवायला माणसं मारली गेली, हे भरतपूरच्या कौतुकाच्या लेखांमध्ये सहसा नसतं.

आणि पुढे झालं काय? बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) तिथे त्याच काळात दहा वर्षांचा अभ्यास चालू होता, डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली. त्यातून निघालं की म्हशी गेल्यावर पास्पॅलम नावाचं पाण्यातलं गवत सुटलं. ते पाण्यावर गादीसारखं पसरतं. म्हशी ते खायच्या आणि तुडवायच्या, आता कोणी खाईना. उघडं पाणी कमी झालं, गवताच्या गादीखाली मासे कमी झाले, आणि स्पर्शानं शिकार करणाऱ्या पक्ष्याला तर गवतात चोच फिरवताच येत नाही. ज्यांनी बंदीच्या बाजूनं मत दिलं होतं त्याच संस्थेच्या अभ्यासानं सांगितलं की म्हशी हव्या होत्या. हे मान्य करायला धाडस लागतं, त्यांचं कौतुक आहे मला. १९९० मध्ये रामसर करारवाल्यांनी (पाणथळी जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार) केवलादेव धोक्यातल्या पाणथळींच्या माँत्रो यादीत टाकलं, कारणं दोन, पाण्याची टंचाई आणि चराईचं बिघडलेलं गणित. पुढे गावकऱ्यांना गवत कापून न्यायला परवानगी मिळाली, पण विळ्यानं कापणं आणि म्हशीनं पाण्यात बसून, लोळून, चिखल करून खाणं यात फरक आहेच. वर म्हटलं होतं ना, शिकारीचं शेत. त्या शेताची मशागत म्हशी करत होत्या आणि आपण त्यांना अतिक्रमण समजलो.

दुसरी वेळ म्हणजे मी बघितलेल्या रिकाम्या बाभळी.

बाणगंगा तर आधीच गेली होती, वर जयपूरजवळ तिच्यावर रामगढचं धरण. उरली गंभीर. तिच्यावर वर करौली जिल्ह्यात पांचना धरण, पाच नद्या एकत्र येतात म्हणून पांचना. धरण होईपर्यंत पावसाळ्यात गंभीर फुगली की पाणी आपोआप अजान बंधाऱ्यात, कोणाला विचारायला लागत नव्हतं. धरण झाल्यावर ते पाणी कोणीतरी सोडायला लागतं. आणि सोडायचं म्हटलं की कोणाचं पाणी हा प्रश्न आला. २००४ मध्ये पाऊस कमी, वरच्या भागातल्या शेतकऱ्यांनी पाणी खाली सोडायला विरोध केला आणि सरकारनं माघार घेतली. माणसं की पक्षी अशी मांडणी झाली, आणि ती एकदा झाली की निवडणुका लढवणारा कोणीही पक्ष्यांच्या बाजूनं उभा राहणार नाही हे उघड आहे. मी शेतकऱ्यांना दोष देत नाही, विहिरी कोरड्या पडलेल्या माणसाला चमचा पक्ष्याचं महत्त्व सांगायला मी तरी जाणार नाही. पण अर्धा टीएमसी हा आकडा त्या सगळ्या वादात किती जणांनी उच्चारला असेल याची शंका आहे.

मग पुढची तीन-चार वर्षं उद्यान जवळपास कोरडं. बोअरवेल चालवून काही कप्प्यांमध्ये पाणी ठेवलं, पर्यटकांना दाखवायला बरं, थोडी बदकं पण उतरायची. पण इथेच सगळी मेख आहे. बोअरच्या पाण्यात मासा नसतो. फोटोत पाणी पाण्यासारखंच दिसतं, त्यात बाभळीचं प्रतिबिंब पण पडतं, चित्रबलाकाच्या दृष्टीनं ती रिकामी ताटली. ना नदीतून आलेली पिल्लं, ना वाढायला वेळ, ना चार महिने पुरेल एवढी खोली. बुडाशी पाणी नसलेल्या झाडावर घरटं करणं म्हणजे कोल्ह्या-मांजरांना जिना लावून देणं, हे वेगळंच. ज्यांना गवतातले किडे-नाकतोडे चालतात त्या गायबगळ्यांसारख्यांची अडचण तेवढी नव्हती, मार बसला तो निव्वळ माशांवर जगणाऱ्या मोठ्या करकोच्यांना. आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांमध्ये विलायती बाभूळ घुसली. ती इतकी वाढली की शेवटी २००७ पासून आसपासच्या गावांच्या समित्यांना ती मुळासकट उपटायचं काम दिलं, लाकूड त्यांनीच न्यायचं या बोलीवर. चराईबंदीनंतर पंचवीस वर्षांनी गावकऱ्यांना परत आत बोलवावं लागलं, हा त्यातला छोटा पण मला आवडलेला भाग.

मग ते पक्षी गेले कुठे? मेले का? नाही. चित्रबलाक बरीच वर्षं जगणारा पक्षी आहे, एखादं वर्ष नाही घातली अंडी तर त्याचं फार बिघडत नाही. दुष्काळी वर्षात तो सरळ घरटंच करत नाही किंवा दुसरीकडे जातो. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात बघा, १९६० पासून तिथल्या तळ्यांमधल्या बेटांवर जंगली चित्रबलाक स्वतःहून येऊन घरटी करतात, पिंजऱ्यातले नाहीत, मोकळे. चारा आणायला यमुनेच्या पाणथळींकडे जातात. म्हणजे घरट्याची जागा आणि जेवणाची जागा वेगळी असली तरी चालतं त्याला, उडून जाता येईल एवढ्या अंतरात ताट भरलेलं पाहिजे. भरतपूरलाही सगळं खाणं आतच होत नव्हतं, आसपासची तळी, भाताची-पाण्याची शेतं, नाले यांच्यावरही पक्षी जायचेच. पण दुष्काळ काय फक्त उद्यानाच्या भिंतीच्या आत थोडाच पडतो, बाहेरचंही सगळं त्याच वर्षी आटतं.

आणि नेमकं याच मुद्द्यामुळे या गोष्टीची बातमी होत नाही असं मला वाटतं. भरतपूरचा सायबेरियन क्रौंच २००२ नंतर दिसला नाही त्यावर केवढं लिहिलं गेलं, ठीकच आहे, एक अख्खी थंडीची परंपरा संपली. पण घरटं न करणारा पक्षी मरत नाही, दिसतही राहतो इकडे तिकडे, त्यामुळे काही बिघडलंय हे कळतच नाही. दहा वर्षं पिल्लं झाली नाहीत तरी म्हातारे पक्षी दिसत राहतील आणि आपण यादीत टिक करत राहू. कोकणात एखाद्या वाडीत सगळी घरं उघडी दिसतात पण शाळेचा पट शून्य असतो, तसं.

२००८ मध्ये युनेस्को आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेचं पथक येऊन गेलं, जागतिक वारशाचा दर्जा धोक्यात आहे अशी चर्चा झाली आणि मग हालचाल झाली. त्याच पावसाळ्यात बरं पाणी आलं. शिवाय पर्यायी पाणी म्हणून गोवर्धन ड्रेनमधून पाइपलाइन टाकली, ती २०१२ च्या सुमारास सुरू झाली, चंबळच्या पाणीयोजनेतूनही काही वाटा ठरला. पाणी आलं त्या वर्षांत घरटी परत झाली. मी स्वतः २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये परत गेलो तेव्हा त्याच रस्त्यावर थांबून बघितलं तर बाभळी पांढऱ्या, वास असा की डोळ्यांत पाणी, आणि करड्या-मळकट पिल्लांची डोकी मोजता मोजता चुकायला होत होतं. शेपटीजवळची ती गुलाबी पिसं मोठ्यांनाच असतात, पिल्लं अगदीच धुळकट दिसतात, त्यामुळे मोजायला खरं तर सोपं जायला हवं पण ती एकमेकांवर चढून बसलेली असतात.

तरी पाइपचं पाणी आणि पुराचं पाणी एक नाही हे माझं म्हणणं कायम आहे. गोवर्धन ड्रेन हे मुळात पूर काढून न्यायला खणलेलं, शेतं आणि गावं धुऊन येणारं पाणी, त्याच्याबरोबर काय काय येतं याची चिंता तिथल्या लोकांना आहेच. आणि गेल्या काही वर्षांत तिथे परदेशी मांगूर माजलाय, आफ्रिकन कॅटफिश, ज्याच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे तोच. तो इतर माशांची पिल्लं फस्त करतो, मोठा झाला की पाण्यातली पक्ष्यांची पिल्लंसुद्धा सोडत नाही. उद्यानाला दरवर्षी उन्हाळ्यात पाणी कमी झालं की जाळी टाकून हजारोंनी हे मासे काढायला लागतात. म्हणजे मत्स्यबीज आत येतंय एवढ्यावर खूश होऊन चालत नाही, कोणाचं बीज येतंय तेही बघायला लागतं. जुन्या ३७ जातींचं ताट आणि एकाच मांगूराचं ताट, आणि तो मोठा झाला की चित्रबलाकाच्या घशात मावतही नाही.

आपल्याकडे भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावात बाभळींवर चित्रबलाकांचं सारंगागार आहे, पुण्यातले बरेच जण फ्लेमिंगो बघून येताना तिथे डोकावतात. आमचा ग्रुप तिथे निघाला की हल्ली माझा पहिला प्रश्न तलावात पाणी किती, कुठून आलंय, कधी आलंय असा असतो आणि पोरं वैतागतात, म्हणतात काका पक्षी बघायला चाललोय की इरिगेशनच्या मीटिंगला. त्यांचंही बरोबर आहे. पण नुसत्या घरट्यांचा आकडा लिहून काय करायचं? ऑगस्टला झाडाखाली पाणी किती होतं, डिसेंबरला किती राहिलं, एका घरट्यात किती पिल्लं मोठी झाली, एक की तीन, हे लिहिलं तर त्या आकड्यांना काही अर्थ. एका घरट्यात सरासरी एकच पिल्लू उडतंय म्हणजे माशांचा हिशोब तंग आहे हे घरटी कितीही दिसली तरी कळतं.

भरतपूरला परत जायचंय, पण आता तिकीट काढायच्या आधी मी करौलीचा पाऊस बघतो. जोराचा झाला तर पांचनाचे दरवाजे उघडावेच लागतात, मग कोणाची परवानगी, कोणाचा वाद काही नसतं, गंभीर जुन्यासारखी वाहते आणि काही दिवसांत पाणी अजान बंधाऱ्याकडे लागतं. त्या बातमीपासून साधारण महिना-सव्वा महिना मोजायचा, की बाभळींवर काटक्यांची चोरी सुरू.